नमुना नेमका कशाचा घ्यायचा? डिजिटल माध्यमं आणि माध्यम अभ्यासातली जुनी अवजारं

कोरी पाटी · सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, मी माध्यम अभ्यासात पीएचडी करते आहे. विषय आहे छोट्या व्हिडिओंमधून लोकांपर्यंत पोहोचणाऱ्या बातम्या. गेल्या आठवड्यात संशोधन पद्धतीच्या प्रकरणाचं सादरीकरण होतं. समितीतल्या एका बाईंनी एकच प्रश्न विचारला आणि माझा त्रिफळा उडाला. "तुमच्या प्रेक्षकांनी नेमकं काय पाहिलं, हे तुम्हाला कसं कळणार?" मी मोठ्या दिमाखात आशय विश्लेषणाचं कोडिंग शीट (व्हिडिओंत काय काय आहे ते ठरावीक रकान्यांत नोंदवायचा तक्ता) पुढे केलं. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही पाहिलेलं झालं. त्यांनी पाहिलेलं कुठंय?"

घरी आले आणि तीन फोनांवर एकच शब्द शोधून पाहिला. माझा, भावाचा आणि मैत्रिणीचा. तिन्ही याद्यांत सामाईक व्हिडिओ बोटांवर मोजण्याइतके. दहा मिनिटांनी माझ्याच फोनवर परत शोधलं, तर माझी स्वतःचीच यादी बदललेली!

तेव्हापासून आम्हाला शिकवलेले सगळे सिद्धांत या एका प्रश्नापुढे उभे करून बघते आहे. अजेंडा सेटिंग घ्या, म्हणजे माध्यमं ज्या प्रश्नांना जास्त जागा देतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात, हा सिद्धांत. मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी १९६८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपेल हिल इथे मत पक्कं न झालेल्या १०० मतदारांना विचारलं, तुम्हाला कुठले प्रश्न महत्त्वाचे वाटतात. ते मतदार जी वर्तमानपत्रं, नियतकालिकं आणि टीव्हीच्या बातम्या बघत-वाचत होते, त्यांत कशाला किती जागा मिळाली तेही मोजलं. दोन याद्या शेजारी ठेवल्या आणि १९७२मध्ये निबंध छापला. केवढा सुटसुटीत आराखडा! पण तो उभा आहे दुसऱ्या यादीवर. ती यादी ग्रंथालयात बसून कुणालाही करता येत होती. माझ्या अभ्यासात ती दुसरी यादी कुठून आणू? जितके फोन तितक्या याद्या.

द्वारपाल सिद्धांताचं, म्हणजे कुठली बातमी आत घ्यायची आणि कुठली अडवायची हे दारावरचा माणूस ठरवतो या कल्पनेचं, तर आणखीच अवघड. डेव्हिड मॅनिंग व्हाइटने एका वर्तमानपत्राच्या वृत्तसंपादकाला वृत्तसंस्थांकडून तारेने आलेल्या आणि त्याने नाकारलेल्या प्रत्येक बातमीवर आठवडाभर नाकारण्याचं कारण लिहायला लावलं. १९५०मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि त्या संपादकाला नाव दिलं 'मिस्टर गेट्स'. आलेल्या मजकुरापैकी जेमतेम दहावा हिस्सा छापला गेला होता, आणि कारणं अगदी माणसासारखी होती: जागा नव्हती, कंटाळवाणं होतं, खरं वाटलं नाही. म्हणजे त्या दारावरच्या माणसाला निदान विचारता येत होतं. शिफारस करणारी यंत्रणा नाकारत कुणालाच नाही, नुसती रांग लावते. एखादी गोष्ट रांगेत इतकी मागे जाते की तिची पाळीच येत नाही. या मागे ढकलण्याला 'नाकारणं' म्हणायचं का? आणि कारण विचारायचं कुणाला?

स्टुअर्ट हॉलचं १९७३चं संकेतन-विसंकेतन मला मनापासून आवडतं. पाठवणारा एक अर्थ भरून पाठवतो, घेणारा तो मुकाट्याने मान्य करतो, तडजोड करून घेतो किंवा सरळ उलटा लावतो. पण माझ्या व्हिडिओंत घेणारा नुसता अर्थ लावून थांबत नाही. तो व्हिडिओ कापतो, त्यावर दुसरा आवाज चढवतो, खाली चार शब्द टाकतो आणि पुढे पाठवतो. विसंकेतन संपलं कुठे आणि संकेतन सुरू झालं कुठे?

तर प्रश्न असा की ही अवजारं मोडीत काढायची, की धार लावून वापरायची? सविस्तर प्रतिसाद आले तर बरं होईल. प्रकरण पुन्हा लिहायचं आहे.

शेवटचा बाक · सोमवार, रात्री ९:५८

वाखूसा (वाचनखूण साठवली). जाणकारांच्या प्रतीक्षेत.

उंटावरचा शहाणा · सोमवार, रात्री १०:११

पूर्वी 'ध'चा 'मा' करायला मधे कुणीतरी हाडामांसाचं लागायचं. आता ते कामही फुकटात होतं. चालू द्या.

जुनी वही · सोमवार, रात्री ११:०५

कोरी पाटी, प्रश्न चांगला आहे. पण हा विषय तीस वर्षं शिकवल्यामुळे थोडं खवचट बोलतो, रागावू नका. दर दहा वर्षांनी कुणीतरी येऊन सांगतं की आता सगळं बदललं, जुनं सगळं टाकून द्या. केबल आली तेव्हा ऐकलं, रिमोट आला तेव्हा ऐकलं, ब्लॉग आले तेव्हाही ऐकलं.

सगळे प्रेक्षक एकच गोष्ट पाहतात, हे तेव्हाही खरं नव्हतं. रेमंड विल्यम्सने १९७४मध्येच लिहून ठेवलंय की टीव्हीवरचा अनुभव सुट्या कार्यक्रमांचा नसतो, एका सलग प्रवाहाचा असतो. बातमी, जाहिरात, पुढच्या मालिकेची झलक, पुन्हा बातमी. म्हणजे नमुन्याचं एकक कुठलं, हा तुमचा प्रश्न पन्नास वर्षं जुना आहे. त्याहीआधी लाझार्सफेल्ड आणि मंडळींनी १९४०च्या निवडणुकीत ओहायोतल्या ईरी काउंटीमध्ये सुमारे ६०० मतदारांच्या महिन्या-महिन्याला मुलाखती घेतल्या. गेले होते माध्यमांचा प्रभाव शोधायला आणि हाती लागलं असं की लोक एकमेकांचं जास्त ऐकतात. त्यातून द्विस्तरीय प्रवाहाची (माध्यमांकडून आधी काही मोजक्या लोकांकडे, आणि त्यांच्याकडून इतरांकडे) कल्पना आली आणि १९५५मध्ये कॅट्झ-लाझार्सफेल्डनी ती नीट मांडली. आज 'आमच्या ग्रुपवर अमक्याने पाठवलं म्हणून पाहिलं' असं कुणी म्हणतं, तेव्हा मला तो १९५५चा ग्रंथच ऐकू येतो.

काही सिद्धांत तर आता कुठे वयात आलेत. डॅलस स्माइथने १९७७मध्ये म्हटलं की व्यापारी माध्यमं विकतात ती प्रेक्षकालाच, आणि ग्राहक असतो जाहिरातदार. तेव्हा लोकांना ते ओढूनताणून आणलेलं रूपक वाटायचं. आज बोट किती क्षण थांबलं याचीही नोंद होते. बिचारा चाळीस वर्षं लवकर बोलला.

थोडक्यात, सिद्धांत मेलेत असं जाहीर करण्याआधी नाडी बघा.

कोरी पाटी · मंगळवार, सकाळी ७:३०

सर (सर म्हटलं तर चालेल ना?), नाडी बघूनच आलेय. विल्यम्सचा प्रवाह मान्य. पण तो प्रवाह एका वाहिनीवर सगळ्यांसाठी एकच होता. रेकॉर्डर लावून ठेवला की संशोधकाच्या हाती यायचा. कुणी मधेच उठून गेलं तरी ते काय सोडून गेलं हे सांगता यायचं. आताचा प्रवाह त्या एका माणसासाठी, त्या क्षणी तयार होतो आणि वाहून जातो. त्याची नोंद असलीच तर कंपनीकडे. एकक कुठलं हा प्रश्न जुना असेलही, पण ते एकक डोळ्यांनी बघण्याची परवानगी मागावी लागणं हे नवं आहे.

आणि गर्बनरचं काय? त्याचा संवर्धन सिद्धांत (टीव्ही भरपूर पाहणाऱ्यांना खरं जगही टीव्हीतल्यासारखंच वाटू लागतं) तर उघडच 'टीव्ही एकूण किती तास पाहता' यावर उभा आहे. काय पाहता हे त्याने मुद्दाम विचारलं नाही, कारण कुठलीही वाहिनी लावा, एकूण जग सारखंच दिसतं असं त्याचं म्हणणं होतं.

जुनी वही · मंगळवार, सकाळी ८:१५

सर नको, वही म्हणा.

गर्बनरवरून वाद घालणार नाही, तिथे तुमचा मुद्दा बिनतोड आहे. दोघं जण रोज चार-चार तास फोन बघतात. एकाच्या पडद्यावर दिवसभर मारामारी आणि दुसऱ्याच्या पडद्यावर मांजरं. 'भरपूर पाहणारे' म्हणून दोघांना एका रकान्यात टाकण्यात काही अर्थ उरला नाही. तास मोजण्याची पद्धत ज्या गृहीतकावर होती, तेच गेलं.

तळटीप · मंगळवार, दुपारी १:२०

कोरी पाटींच्या 'परवानगी मागावी लागणं' या शब्दांवर थांबतो, कारण माझं पोट त्यावरच चालतं. मी समाजमाध्यमांचा डेटा गोळा करून संशोधकांना देण्याचं काम करतो. करायचो, असं म्हणणं जास्त बरोबर.

मधली काही वर्षं आम्हाला वाटलं की आपल्याला घबाड सापडलं. एपीआयमधून (कंपनीने बाहेरच्या प्रोग्रामना डेटा घेण्यासाठी ठेवलेलं दार) हवे तितके ट्वीट्स ओढा, आलेख काढा, निबंध छापा. त्या काळातल्या ट्विटरवरच्या निबंधांची संख्या बघितली तर वाटेल की जग ट्विटरवरच राहत होतं. खरं कारण एवढंच की तिथलं दार उघडं होतं. दिवा जिथे आहे तिथे किल्ली शोधणं म्हणतात ते हेच.

मग दारं लागायला लागली. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणानंतर (फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती त्यांच्या नकळत राजकीय प्रचारासाठी वापरली गेली ते) एप्रिल २०१८मध्ये फेसबुकने एपीआय आवळला. ट्विटरने जानेवारी २०२१मध्ये संशोधकांसाठी मोठ्या मनाने वेगळा मार्ग काढला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये, मालक बदलल्यावर, फुकट प्रवेश बंद करत असल्याचं जाहीर केलं. कुणाचे प्रबंध अर्ध्यावर होते, कुणाचे प्रकल्प. १४ ऑगस्ट २०२४ला मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीने, क्राउडटँगल हे सार्वजनिक पोस्ट किती पसरतात ते दाखवणारं अवजार बंद केलं. ज्या अवजारावर तुमची पद्धत उभी, ते अवजार एका ईमेलने जातं. सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्याने जीवशास्त्रज्ञांना 'पुढच्या महिन्यापासून भिंग परत द्या' म्हणावं, तशातली गत.

त्याहून वाईट म्हणजे मिळालेला डेटा. 'सोशल सायन्स वन' नावाच्या उपक्रमातून फेसबुकने संशोधकांना मोठा साठा दिला होता. २०२१मध्ये उघड झालं की त्यात अमेरिकेतले जवळपास निम्मे वापरकर्ते आलेच नव्हते! ज्यांचा राजकीय कल फेसबुकला ओळखता आला नव्हता, ते गळाले होते. म्हणजे राजकारणावरचा अभ्यास, आणि त्यात राजकारणापासून लांब राहणारे गायब. कंपनीने माफी मागितली. पण बाहेरच्या कुणी आकडे पडताळले नसते तर कळलंही नसतं.

२०२०च्या अमेरिकी निवडणुकीवर मेटा आणि विद्यापीठातले संशोधक यांनी मिळून प्रयोग केले, २०२३मध्ये 'सायन्स' आणि 'नेचर'मध्ये निबंध आले. काही लोकांना फीड (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या पोस्टची रांग) काळाच्या क्रमाने दाखवलं, काहींना नेहमीच्या अल्गोरिदमने, आणि राजकीय मतांत फारसा फरक पडला नाही असं दिसलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्याच काळात कंपनीने नेहमीच्या फीडमध्येही तात्पुरते, आणीबाणीचे बदल केले होते. मग तुलना 'नेहमीच्या' फीडशी झाली का? वजन चालू असताना दुकानदार तराजूखाली बोट लावतोय की नाही, हे गिऱ्हाईकाला कळणार कसं?

थोडी आशा आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याचं कलम ४० मोठ्या प्लॅटफॉर्मना मान्यताप्राप्त संशोधकांना डेटा द्यायला भाग पाडतं, आणि त्याचे तपशीलवार नियम ऑक्टोबर २०२५पासून लागू झाले. मात्र विषय युरोपातल्या धोक्यांशी जोडलेला हवा. बाकीच्या जगाने काय करायचं, ते बाकीच्या जगाने बघावं.

उंटावरचा शहाणा · मंगळवार, दुपारी १:४४

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? लोकांना विचारा ना सरळ, "काय पाहिलंत, किती वेळ पाहिलंत?" प्रश्नावली काढा, टक्केवारी काढा, मोकळे व्हा.

मोजपट्टी · मंगळवार, दुपारी ३:०२

शहाणेराव, तोच तर घोळ आहे. लोक खोटं बोलत नाहीत, पण त्यांना ठाऊकच नसतं. २०२१मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर'मध्ये एक महाविश्लेषण आलं. लोकांनी स्वतः सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदलेला वापर यांची तुलना करणारे बरेच अभ्यास त्यात एकत्र केले होते. दोन्हींमधला सहसंबंध निघाला सुमारे ०.३८ (तंतोतंत जुळलं असतं तर १). म्हणजे अगदीच निरुपयोगी नाही, पण त्यावर 'फोनमुळे अमुक होतं' अशी विधानं उभारायची तर पाया भुसभुशीत. आणि तशी विधानं तर आपण रोज वाचतो.

हा 'किती' चा प्रश्न झाला. 'का पाहिलंत' याची तर दैनाच. उपयोग-परितोष सिद्धांत असं धरून चालतो की माणसाला आपली गरज कळते, आणि ती भागवायला तो माध्यम निवडतो. मी फोन उघडला किती वाजले बघायला. पंचवीस मिनिटांनी ठेवला, तेव्हा एका अनोळखी माणसाचं गवत कापणं शेवटपर्यंत पाहून झालं होतं. आणि हो, किती वाजले ते बघायचं राहिलंच. आता माझी गरज कुठली लिहून घेणार?

शेवटचा बाक · मंगळवार, दुपारी ३:१०

गवत कापणं +१. गालिचे धुण्याचेही असतात.

वेलांटी · मंगळवार, संध्याकाळी ६:३५

एका बाजूच्या, पण मराठीत काम करणाऱ्यांना रोज छळणाऱ्या गोष्टीकडे लक्ष वेधते. लाखो प्रतिक्रिया माणसाने वाचणं शक्य नाही, म्हणून भाव ओळखणारी यंत्रं लावतात. ती बहुतेक इंग्रजीवर पोसलेली. आपल्याकडे 'घर', 'घरात', 'घराच्या', 'घरापासून' हे यंत्राने चार शब्द म्हणून मोजले, तर तुमची शब्दवारंवारिता तिथेच कोलमडली. त्यात निम्मे लोक मराठी रोमन लिपीत टंकतात आणि एकेका शब्दाची पाच-पाच स्पेलिंगं करतात.

हे सगळं निस्तरलं तरी पुढे तिरकसपणा उभा असतोच. मी तपासलेल्या एका संचात "वा, काय दिवे लावलेत!" ही प्रतिक्रिया यंत्राने ठामपणे 'सकारात्मक' म्हणून नोंदवली होती. दिवे, प्रकाश, आनंद! शेवटी हाताने कोडिंग केलं, दोघींनी वेगवेगळं, आणि मग किती जुळलं ते तपासलं. म्हणजे तेच जुनं आशय विश्लेषण. वहींना आनंद होईल.

जुनी वही · मंगळवार, संध्याकाळी ७:००

झाला.

अर्धविराम · बुधवार, रात्री १२:२०

उशिरा येते आहे, पण सगळं वाचलं. कोरी पाटी, मला वाटतं तुमची गाडी 'नमुना व्हिडिओंचा घ्यायचा' या एका गोष्टीपाशी अडली आहे. व्हिडिओ ही वस्तू आहे असं धरलंत, म्हणून वस्तूंची पूर्ण यादी हवी असं वाटतं. ती यादी तुम्हाला मिळणार नाही. तळटीप म्हणतात तशी मिळालीच तरी भरवशाची असेलच असं नाही. माणूस आणि व्हिडिओ समोरासमोर आले, तो प्रसंग एकक म्हणून धरला तर?

असं करणारे लोक आहेत. सहभागी व्यक्तीच्या शेजारी बसून तिचा स्वतःचाच जुना फीड तिच्यासोबत मागे मागे नेत बोलत जायचं, ही मुलाखतीची एक पद्धत आहे. मी वापरली आहे. "हे का थांबून पाहिलंत?" यावर माणूस कोऱ्या प्रश्नावलीपुढे जे सांगतो आणि समोर तो व्हिडिओ दिसत असताना जे सांगतो, त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. ॲपचाच अभ्यास करायचा तर लाइट, बर्जेस आणि डुग्वे यांनी २०१८मध्ये मांडलेली वॉकथ्रू पद्धत आहे. नवं खातं उघडण्यापासून ते बंद करण्यापर्यंत प्रत्येक पडदा, प्रत्येक बटण नोंदवत जायचं. खातं बंद करायचा रस्ता किती पडद्यांआड दडवलाय, एवढ्यावरूनही ॲप माणसाकडे कसं बघतं ते कळतं. तिसरा मार्ग डेटा दानाचा. बऱ्याच ॲपमधून स्वतःच्या वापराची नोंद मागवून घेता येते, आणि सहभागी व्यक्ती ती स्वखुशीने संशोधकाला देते. कंपनीच्या मागच्या दाराने जाण्यापेक्षा माणसाच्या पुढच्या दाराने गेलेलं बरं.

मात्र त्या पुढच्या दाराशीही पायरी आहे. एकाने दिलेल्या डेटात दुसऱ्या दहा जणांचे निरोप, नावं, फोटो असतात. त्या दहा जणांनी कुठे होकार दिला? २००८मध्ये एका अमेरिकी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची फेसबुक माहिती नावं काढून संशोधनासाठी खुली केली होती. विद्यापीठ कुठलं ते काही दिवसांतच लोकांनी ओळखलं. सार्वजनिक दिसतं म्हणजे वापरायला मोकळं, असं नसतं.

एक सावधगिरी मात्र सगळ्याच नोंदींबद्दल. गूगल फ्लू ट्रेंड्स आठवतं? लोक काय शोधतात यावरून तापाची साथ ओळखायचं यंत्र, २००८मध्ये आलं. पुढे त्याचे अंदाज भलतेच फुगले, आणि २०१४मध्ये 'सायन्स'मधल्या चिकित्सेत एक कारण असं मांडलं गेलं की गूगल स्वतःच शोधाच्या सूचना आणि रचना बदलत होतं. म्हणजे लोकांचं वागणं मोजतोय असं वाटत होतं, आणि त्यात प्लॅटफॉर्मचं वागणंही मिसळलं होतं. वाळूत ठसा दिसला तरी तो पायाचा की बुटाचा, हे आधी ठरवायला हवं.

तळटीप · बुधवार, सकाळी ९:०५

पायाचा की बुटाचा! हे माझ्या पुढच्या सादरीकरणात चोरणार आहे. श्रेय देईन.

जुनी वही · बुधवार, सकाळी ९:४०

अर्धविरामांशी सहमत, एक पुरवणी जोडतो. 'प्रसंग' हे एकक धरलं तर हॉल पुन्हा कामाला येतो. त्याचा आराखडा भल्या मोठ्या प्रेक्षकवर्गावर चालवला की ताणला जातो, पण एका माणसाने एका क्षणी कापलेल्या, चढवलेल्या, पुढे पाठवलेल्या एका व्हिडिओवर तो झकास बसतो. फक्त 'तडजोड करून घेणं' आता त्याच्या डोक्यात राहत नाही, पडद्यावर उमटतं. कोरी पाटींना वाटलं तो गोंधळ आहे. मला तर वाटतं हॉलला इतका पुरावा कधी मिळालाच नव्हता. अजेंडा सेटिंगबद्दल मात्र मी अजून अडखळतोय. लोकांची यादी विचारून घेता येईल, पण दुसरी यादी प्रत्येकासाठी वेगळी करून मग शंभर जोड्या तपासायच्या? करता येईल कदाचित. मी करणार नाही.

कोरी पाटी · गुरुवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रकरणाचा आराखडा फाडून नवा केला. आता बारा सहभागी, प्रत्येकाचं आठवडाभर ठरावीक वेळी पडद्याचं रेकॉर्डिंग, आणि आठवड्याच्या शेवटी शेजारी बसून ते रेकॉर्डिंग सोबत बघत मुलाखत. व्हिडिओंचं कोडिंग राहीलच, पण त्यांच्या पडद्यावर आलेल्या व्हिडिओंचं. अजेंडा सेटिंग बाजूला ठेवलं, हॉल ठेवला. गर्बनरला एका तळटीपेत निरोप दिला (तळटीप, तुम्ही नव्हे). परवा बाईंना दाखवते आहे.

मोजपट्टी · गुरुवार, रात्री १०:४०

छान. बारा जणांवरून 'प्रेक्षक असे वागतात' असं लिहू नका म्हणजे झालं.

अर्धविराम · गुरुवार, रात्री ११:०२

रेकॉर्डिंगच्या वेळी नोटिफिकेशन बंद ठेवायला सांगा. नाहीतर भलत्याच कुणाचे खासगी निरोप तुमच्या पडद्यावर झळकतील आणि नैतिकता समिती तुमच्या मागे लागेल.

कोरी पाटी · गुरुवार, रात्री ११:१०

बरोबर, हे लक्षातच आलं नव्हतं. पण थांबा, माझ्या पहिल्या दोन प्राथमिक मुलाखतींत दोघीही म्हणाल्या होत्या की त्या बातमीचा व्हिडिओ बहुतेक वेळा नोटिफिकेशनवरूनच उघडतात. तेच बंद केलं तर मी बघणार काय?

अर्धविराम · गुरुवार, रात्री ११:३१

अरे देवा. उद्या बोलू.